खडूवरच्या खाचा

साताऱ्याजवळच्या आमच्या गावात मी अंगणवाडी सेविका आहे. तेवीस वर्षं झाली, तीन ते सहा वर्षांच्या पोरांना मी रंग शिकवते. भिंतीवर तक्ता आहे, त्यावर छडी ठेवायची आणि विचारायचं. टोमॅटो कसा? लाल! पान कसं? हिरवं! पोरं घसा फाडून ओरडतात आणि पोषण आहाराची खिचडी शिजेपर्यंत आमचा तेवढा वेळ बरा जातो. गावातली निम्मी तरणी पोरं माझ्या हाताखालून गेली आहेत. त्यातली बरीच आज फौजेत आहेत.

माझी दोन्ही पोरंही ह्याच तक्त्यासमोर बसली. त्यांना लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नाही, हे मला तिथंच कळलं. मी तोंडातून ब्र काढला नाही. एक-दोन दिवस नाही, सतरा वर्षं. लोकांना वाटतं मी बोलकी बाई आहे. ग्रामसभेत सरपंचाला धारेवर धरणारी बाई, असं माझं गावात नाव आहे. म्हणून हे लिहिताना जास्तच लाज वाटते.

मला ते इतक्या लवकर कळलं, कारण मी ते आधी घरात पाहिलं होतं. माझं माहेर सांगलीजवळ माधवनगरचं. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, दुसऱ्याच्या शेडमध्ये मागावर कामाला होते. साड्यांच्या काठाला रंगीत सूत लागायचं. ते सूत भरलेल्या कांड्या, म्हणजे बोटाएवढ्या लाकडी नळ्या, पेट्यांतून यायच्या. दादांना लाल कांडी कोणती आणि हिरवी कोणती ते ओळखू यायचं नाही. मी दुपारी डबा घेऊन जायची. ते जेवायला बसले की मी पेटीजवळ बसून कांड्या निवडायची आणि पिनेनं लाकडावर खाच पाडायची. लालला एक, हिरव्याला दोन. दादा मग नुसत्या बोटांनी ओळखायचे.

"कुणाला बोलायचं न्हाई बरं का," ते म्हणायचे. "मालकाला कळलं तर मला उद्यापासनं घरी बसवंल."

मी आठ वर्षांची होते. एवढं मोठं गुपित आपल्याकडं आहे याचा मला गर्व वाटायचा. शेडमधली माणसं म्हणायची, पोरगी बापाच्या लय जवळची हाय. होतेच मी.

लग्न होऊन आले ते फौजींच्या घरात. सासरे फौजी, दोन चुलत सासरे फौजी, नवरा फौजी. नवऱ्याला मुलं आबा म्हणतात, म्हणून मीही इथं आबाच म्हणते. ह्या घरात मुलगा झाला की त्याच्या कुंडलीआधी त्याची छाती मोजतात. थोरला झाला तेव्हा सासूबाईंनी त्याचे पाय हातात धरून बघितले आणि म्हणाल्या, "पळणार गडी." मीही हसले. आपल्या अंगातून त्याला काय गेलं असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

थोरला दुसरीत असताना पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी शाळेनं झेंडा रंगवायला दिला. आबा सुट्टीवर आले होते. पोरगं शाळेतून पळतच आलं, आबांसमोर टाच जुळवून सलाम ठोकला आणि कागद पुढं केला. वर हिरवा पट्टा, खाली केशरी. मधलं चक्र मात्र फार सुबक काढलं होतं. आरे मोजून चोवीस.

आबांनी कागद बघितला आणि एक थोबाडीत दिली. "फौजीच्या पोराला झेंडा उलटा-सुलटा कळत न्हाई व्हय रं?"

"बरोबर हाय की, आबा," पोरगं म्हणालं. त्याला खरंच तो बरोबर दिसत होता. उलट बोलला म्हणून दुसरी बसली.

मी चुलीपुढं भाकरीचं पीठ मळत होते. मला सगळं कळत होतं. एक वाक्य बोलायचं होतं, 'आवं, मारू नका, त्याला दिसत न्हाई.' एवढंच. पण त्या वाक्याच्या मागून दुसरं वाक्य येणार होतं, ते म्हणजे हे कुठनं आलं. सासूबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. मी पिठात आणखी पाणी घातलं. भाकरी त्या दिवशी एकही धड झाली नाही. आबा म्हणाले, "पीठ सैल झालंय." मी म्हटलं, "व्हय."

दुसऱ्या दिवशी मी थोरल्याचे रंगीत खडू काढले आणि पिनेनं खाचा पाडल्या. केशरीला एक, हिरव्याला दोन, लालला तीन, तपकिरीला चार. त्याला सांगितलं, तुझे खडू वर्गात दुसऱ्याच्यात मिसळले तर ओळखता यावेत म्हणून केल्यात. पोरगं हुशार. आठवड्यात बोटांनी खडू ओळखायला लागलं. त्यानंतर त्याचं पान कधी तपकिरी झालं नाही. बाईंनी वहीवर 'प्रगती चांगली' असा शेरा दिला आणि मी तो आबांना पत्रात कळवला. धाकटा शाळेत जायला लागला तेव्हा त्याच्याही खडूंना खाचा पाडल्या. तोवर मला सवय झाली होती.

त्याच वर्षी दादा आमच्याकडं चार दिवस राहायला आले. ओट्यावर धाकट्याजवळ बसले होते. त्यांनी एक खडू उचलला आणि अंगठा फिरवला.  मी चहा घेऊन गेले तर त्यांनी खडू माझ्यापुढं धरला.

"दोघास्नीबी?"

मी मान हलवली.

"सांग त्यांना. आन त्यांच्या बापालाबी सांग. मला सांगाय कुणी नव्हतं गं. मला वाटायचं, समद्यांचं डोळं चांगलं आन मीच तेवढा खुळा."

"सांगते की," मी म्हटलं. दादा परत गेले. पुढं वर्षभरात ते वारले, आणि ते गुपित आता फक्त माझ्याकडं उरलं. दादांच्या गुपिताला पोटाचं कारण होतं. माझं पोट भरलेलं होतं. मला फक्त घरात कुणी खोट काढू नये एवढंच हवं होतं. 'बाईच्या अंगानं आलं' हे ऐकायची माझी तयारी नव्हती, दुसरं काही नाही.

हायस्कुलात फळा हिरवा होता. भूगोलाच्या सरांना महत्त्वाचं ते लाल खडूनं लिहायची हौस. थोरल्याच्या वहीत नेमकं तेवढंच गाळलेलं असायचं. सरांनी मला बोलावून घेतलं. "मुलगा हुशार आहे, पण लक्ष नाही. अर्धा फळा उतरवून घेत नाही." मी हात जोडले. म्हटलं, सर, लक्ष घालते. घरी येऊन मी त्याला बोलले. खूप बोलले. तो म्हणाला, "आई, तिथं काय लिहिलेलंच नव्हतं." मी म्हटलं, खोटं बोलू नको. हे मी म्हटलं. मीच.

बारावी झाल्यावर तो भरतीच्या मागं लागला. तीन वर्षं रोज पहाटे उठून हायवेच्या कडेनं पळाला. पायाची नखं काळी पडून गळाली, पण ह्या घरात त्याला कोण विचारतो. आबा तोवर निवृत्त होऊन आले होते आणि एमआयडीसीत सुरक्षारक्षकाची नोकरी करत होते. हातात घड्याळ घेऊन ते बांधावर उभे राहायचे. तिसऱ्या खेपेला पोरगं मैदानी चाचणीत पास झालं. आबांनी पेढे वाटले. मेडिकलला अजून चार दिवस होते.

त्या संध्याकाळी तो मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आला. बरोबरच्या पोरांनी मेडिकलमध्ये दाखवतात ती चित्रं पाठवली होती, रंगीत ठिपक्यांची गोल गोल चित्रं.

"आई, ह्यात आकडा कुठाय गं? पहिल्यात दिसतोय. पुढं नुसतंच ठिपकं हायत."

मला ढळढळीत आकडे दिसत होते. पोराच्या तोंडाकडं बघितलं तर तो घाबरला होता. आता तरी सांगायचं. तीन वर्षांची नखं गेली ती गेली, पण निदान तिथं जाऊन हसं तरी होणार नव्हतं. बाहेर आबा कुणाला तरी फोनवर सांगत होते, "पुढच्या महिन्यात जातंय बघा पोरगं."

"मोबाईलची काच खराब झालीय तुझ्या," मी म्हटलं. "मी आकडे सांगते. पाठ करून टाक. तिथं घाबरून इसरायला नको."

चार दिवस मी भाकऱ्या थापता थापता त्याच्याकडून ते आकडे पाढ्यांसारखे म्हणून घेतले. पहिलं बारा, दुसरं आठ, तिसरं एकोणतीस. चुकला की पहिल्यापासून. पोरगं पाठांतराला पक्कं, चौथ्या दिवशी झोपेतून उठवलं असतं तरी म्हणालं असतं.

मेडिकलच्या डॉक्टरनं पुस्तक मागून उघडलं. पोरानं पुढून आकडे सांगितले. डॉक्टरनं दुसरं पान काढलं, पोरानं त्याच्या पाठातला पुढचा आकडा सांगितला. मग डॉक्टरनं शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली आणि दोघं हसले. "पाठ करून आलायस होय? मग सगळं म्हणून दाखव की!" असं म्हणाले म्हणे. हे मला थोरल्यानं सांगितलं नाही. त्याच्यामागं रांगेत उभ्या असलेल्या पोरानं गावात येऊन सांगितलं.

आबांच्या कानावर ते पारावर गेलं. त्यांनी घरी येऊन थोरल्याला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "डोळं अधू निघालं तर त्यात तुझा दोष न्हाई. पण फौजेत लबाडी करायला निघालास? माझ्या नावानं?" पोरानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग जमिनीकडं बघत म्हणाला, "चुकलं, आबा." आईनं पाठ करून घेतलं, असं त्यानं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. तिथंच उभी होते, हातात पाण्याचा तांब्या होता.

डोळ्याच्या दोषाचं आबांनी स्वतःच कारण ठरवून टाकलं. "आमच्यात कुणाला असलं न्हाई. मोबाईल बघून बघून झालंय." मला ते कारण सोयीचं वाटलं. पण त्या दिवसापासून थोरल्याला घरात एक नाव पडलं, लबाड. चहात साखर जास्त पडली तरी, "ह्या लबाडानं घातली असंल." तो साताऱ्यात एका गोदामात कामाला लागला आणि खोली घेऊन तिथंच राहिला. रविवारी यायचा, जेवायचा, माझ्याशी नीट बोलायचा. त्याचं ते नीट बोलणं मला सोसायचं नाही.

ह्यानंतर तरी धाकट्याला सांगावं की नाही? त्यानं भावाचे हाल बघितले होते, त्यामुळं तो आपल्या डोळ्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. त्याला बी.एस्सी.ला केमिस्ट्री घ्यायची होती, सांगलीच्या कॉलेजात. औषधाच्या कंपनीत नोकरी लागते म्हणून. मला केमिस्ट्रीतलं ओ की ठो कळत नाही, तिथं रंग लागतो हे मला माहीत नव्हतं. पण मी कुणाला विचारलंही नाही. विचारलं असतं तर का विचारता, हे सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या वर्षी कॉलेजातून फोन आला. पालकांनी येऊन भेटावं. आबा आणि मी एसटीनं सांगलीला गेलो. प्रयोगशाळेत मॅडम होत्या, माझ्यापेक्षा लहानच. धाकटा टेबलाच्या कडेला मान घालून उभा होता. मॅडमनी समजावून सांगितलं. काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायचा, खालचं पाणी फिकट गुलाबी झालं की थांबायचं आणि आकडा लिहायचा. धाकट्याशेजारचा मुलगा दोन वर्षं, रंग आला की खोकायचा. धाकटा खोकला ऐकून नळी बंद करायचा. त्या आठवड्यात तो मुलगा आजारी पडला. खालचं पाणी गडद झालं तरी धाकट्याची नळी चालूच. शेवटी त्यानं दुसऱ्या तुकडीचे आकडे आठवून वहीत लिहिले.

"हे कॉपी धरावं लागतं," मॅडम म्हणाल्या. "मला तसं करायचं नाही, पण तो काही बोलतच नाही."

आबा उभे राहिले. "मॅडम, नाव काढून टाका त्याचं. एक लबाड घरात हाय, दुसरा नगं." मग धाकट्याकडं वळून म्हणाले, "चल. सामान भर."

धाकट्यानं माझ्याकडं बघितलं. भावानं बघितलं होतं तसंच.

"त्याला दिसत न्हाई," मी म्हटलं.

 मॅडमनी विचारलं, "काय दिसत नाही?"

"लाल, हिरवं, गुलाबी. दोघांनाबी. माझ्या वडिलांना हुतं. माझ्यातनं आलंय."

मॅडम एकदम सैल झाल्या. म्हणाल्या, अहो, मग हे आधी सांगायचं ना, असे विद्यार्थी येतात. डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद आणा, रंग बघायला सोबती देता येतो, किंवा मीटरवर आकडा बघून करता येतं. हे आईकडून मुलाकडं येतं, यात कुणाची चूक नसते. त्यांनी हे सगळं कपाट बंद करता करता सांगितलं. मी ज्याला सतरा वर्षं जपलं, ते त्यांच्या लेखी एका अर्जाचं काम होतं. मी खुर्चीत बसून राहिले. मोकळं वगैरे काही वाटलं नाही. आबांकडं बघायची हिंमत नव्हती.

परतीच्या एसटीत आबा खिडकीकडं बसले होते.  कराडच्या स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा बाहेर बघतच म्हणाले, "झेंड्याच्या टायमाला म्हाईत हुतं तुला?"

"व्हय."

"आन तू पीठ मळत बसलीस."

त्यांना पीठसुद्धा आठवत होतं. गाडी सुटली. साताऱ्यात उतरलो तर ते घराकडं न वळता थोरल्याच्या खोलीकडं चालायला लागले. मी मागं मागं गेले. थोरला नुकताच कामावरून आला होता. आबा दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "झेंडा बरोबर हुता तुझा. मी चुकलो." एवढंच म्हणाले, आणि जिन्यावर जाऊन बसले.

थोरल्यानं माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं, दादा, कांड्या, खडू, सगळं.  शेवटी त्यानं एकच विचारलं.

"ते आकडं पाठ करून घेत हुतीस, तवा?"

"व्हय. म्हाईत हुतं."

"मी तुझ्यापायी गप बसलो गं आई. मला वाटायचं, आईला बिचारीला काय ठावं. तिनं आपलं चांगल्यासाठी केलं."

तो नंतर चार महिने घरी आला नाही. आबा दर रविवारी त्याच्याकडं जायचे. घरी आल्यावर ते माझ्याशी बोलायचे, पण पूर्वीसारखं नाही. घरात 'लबाड' हा शब्द कुणी परत उच्चारला नाही. मला मात्र तो भांडी घासताना रोज ऐकू यायचा.

धाकटा डॉक्टरचा कागद काढून पास झाला. थोरला हळूहळू यायला लागला, आणि यंदा त्याचं लग्न ठरलं. मुलगी बघायला निघालो तेव्हा गाडीत मी त्याला म्हटलं, "ते डोळ्याचं लगेच नगं काढू." त्यानं खिडकीची काच खाली केली. तिथं पोह्याची बशी हातात आली आणि त्यानं ती खाली ठेवायच्या आत मुलीला सांगून टाकलं, आपल्याला मुलगी झाली तर तिच्यातून पुढं जाऊ शकतं, हेसुद्धा. मुलगी म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." मी पोह्यातली मिरची बाजूला काढत बसले.

परवा साखरपुड्याची साडी घ्यायला त्याच्याबरोबर साताऱ्यात गेले. हिरवीच हवी होती. दुकानात चांगली गर्दी होती. गादीवर साड्यांचा ढीग पडला आणि थोरला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात दुकानदाराला म्हणाला, "मला लाल आन हिरवं कळत न्हाई. ह्यातली हिरवी कुठली, तेवढी दावा."

"ही, ही आणि ही," दुकानदार म्हणाला. "आमच्या मेव्हण्याचंपण तसंच आहे. काठ केवढा हवा?"

झालं. एवढंच. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. पण त्याचं वाक्य संपायच्या आतच मी मागं वळून बघितलं होतं, दुकानात आपल्या गावचं कुणी आहे का.

थोरल्यानं ते बघितलं. साडी माझ्या मांडीवर ठेवत तो हळूच म्हणाला, "न्हाई कोण वळखीचं, आई. साडी बघ."